मोठ्याचं मटण खाताय ना? मग किती, कोणतं आणि कसं ते नीट समजून घ्या

सोमवारी सकाळी लॅबमध्ये रक्ताच्या ट्यूब फिरवून झाल्या की वरचं सिरम वेगळं होतं, ते एरवी पिवळसर पारदर्शक असतं, पण सोमवारी त्यातल्या दोनचार ट्यूबमध्ये ते पार दुधासारखं पांढरं येतं. आदल्या रात्री चरबीचं भरपूर खाणं झालेलं असतं आणि माणूस बारा तास उपाशी न राहताच आलेला असतो, किंवा मग त्याचं ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, मुळातच खूप वाढलेलं असतं. मी पॅथॉलॉजी टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगते, पण बारा वर्षं लोकांचे रिपोर्ट बघतेय आणि आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मोठ्याचं, म्हणजे गायीबैलाचं किंवा म्हशीचं मटण, खाल्लं जातं, त्यामुळे हा विषय मला दोन्ही बाजूंनी माहितीय.

आता लिहायला का बसले, तर आपली माणसं डॉक्टरला खरं सांगतच नाहीत. डॉक्टर विचारतात नॉनव्हेज खाता का, की उत्तर ठरलेलं, हो चिकन मटण कधीतरी. बीफ हा शब्द तोंडातून निघत नाही, भाड्याची खोली जाईल, शेजारी काय म्हणतील ही भीती दवाखान्यातसुद्धा सोबत येते. मग डाएटचा छापील कागद मिळतो त्यात पनीर, बदाम, मोड आलेले मूग, आणि जे दर रविवारी आपल्या ताटात असतं त्याबद्दल एक ओळ नाही. माझ्या वहिनीला असाच कागद मिळाला होता. एचबी म्हणजे हिमोग्लोबिन 7.8, फेरिटिन म्हणजे अंगातला लोहाचा साठा फक्त 6, आणि कागदावर लिहिलेलं खजूर आणि बीट. घरात आठवड्याला किलोभर मोठ्याचं येत होतं पण ते कसं खाल्लं तर तिच्या कामाचं, हे कुणी सांगितलं नाही कारण तिने सांगितलंच नव्हतं. तर हे त्यांच्यासाठी, जे आधीपासून खातात. जे खात नाहीत त्यांना खायला लावायचा माझा काही हेतू नाही.

आधी हे बघा की तुम्ही नक्की काय खाताय

महाराष्ट्रात मार्च 2015 पासून गायीसोबत बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे आपल्याकडच्या दुकानात जे रीतसर मिळतं ते म्हशीचं, रेड्याचं. गोव्यात बैलाचं मिळतं, परदेशात राहणारे आपले लोक तर गायीगुरांचंच खातात. फरक का सांगतेय, तर म्हशीच्या मटणात तंतूंच्या आतली चरबी कमी असते, जी असते ती बाहेरून थरासारखी बसलेली असते आणि सुरीने काढता येते. रंगाने ते जास्त गडद, जवळजवळ जांभळट, आणि चरबी पांढरीशुभ्र. गायीबैलाची चरबी पिवळट झाक मारते. म्हणजे अमेरिकेतल्या स्टेकवर जे लेख लिहिलेले असतात, संगमरवरासारखी आतून चरबी पसरलेला तो तुकडा, ते सगळंच्या सगळं आपल्या म्हशीच्या मटणाला लागू होत नाही. प्रोटीन, लोह, झिंक, बी बारा मात्र दोन्हीत जवळपास सारखंच.

आणि एक गैरसमज लगेच काढून टाका, बोकडाचं मटण हेसुद्धा रेड मीटच आहे. बीफ सोडलं आता फक्त मटण खातो म्हणणारे खूप भेटतात. रेड मीटबद्दल जे जे इशारे आहेत ते बोकड, मेंढी, डुक्कर सगळ्यांना लागू आहेत, फक्त बोकडाच्या भावात मोठ्याचं दुप्पट येतं म्हणून ते खाल्लं जातं जास्त, एवढाच फरक.

यातून मिळतं काय

शिजवलेल्या 100 ग्रॅम बिनचरबीच्या मटणात साधारण 26 ग्रॅम प्रोटीन, अडीच तीन मिलिग्रॅम लोह, पाचेक मिलिग्रॅम झिंक आणि अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास बी बारा. बी बारा एवढ्यात मोठ्या माणसाचं दिवसाचं काम होऊन जातं. पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं बी बारावर काम केलंय आणि आपल्या लोकांत त्याची कमतरता किती आहे ते दाखवलंय. पायाला मुंग्या येणं, विसरायला होणं, सारखं तोंड येणं, ही त्याची लक्षणं. ज्यांना डायबिटीस आहे आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू आहे त्यांचं बी बारा त्या गोळीनेही उतरतं, त्यांनी तर तपासूनच घ्यावं, मटण खातो म्हणून निर्धास्त राहू नये.

लोहाचं जरा सविस्तर सांगते कारण रोज तेच बघते. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54 टक्के बायकांना ॲनिमिया निघाला, पाच वर्षांखालच्या पोरांमध्ये तर जवळजवळ 69 टक्के. आता बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागतं असं आपल्या आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं म्हणणं आणि मटणात तर तीनच, मग फायदा काय असं वाटेल. पण हा 29 चा आकडा एवढा मोठा आहे कारण भाकरी, पोळी, डाळ, पालेभाजीतलं लोह अंगाला लागतंच फार कमी. मटणातल्या लोहाचा बराच भाग हीम प्रकारचा असतो, तो आतड्यात सरळ शोषला जातो, साधारण 15 ते 35 टक्के. आणि ह्याहून चांगली गोष्ट म्हणजे मटण ज्या जेवणात असतं त्या जेवणातल्या भाकरीचं आणि डाळीचं लोहसुद्धा जास्त लागू पडतं. म्हणजे मटण घालून केलेली डाळ, दालचा, हा पदार्थ लोहाच्या हिशोबाने फार शहाणा आहे. थोडं मटण, भरपूर डाळ, दुधी, आणि चिंच. चिंचेचं आंबटपण लोह लागू पडायला उपयोगीच.

म्हणून वहिनीला मी सांगितलं ते असं. जेवताना लिंबू पिळायचं, कच्चा कांदा आणि टोमॅटो घ्यायचा, आणि जेवणानंतरचा चहा बंद. हा चहा आमच्याकडे मटणाच्या जेवणावर हमखास होतो आणि तोच अर्धा फायदा घेऊन जातो, जेवण आणि चहात तासदीड तासाचं अंतर ठेवा. कॅल्शियमची गोळीही त्या जेवणासोबत नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डॉक्टरने दिलेली लोहाची गोळी सोडायची नाही. एचबी 7.8 वरून जेवणाने वर येत नाही, फार वेळ लागतो. वहिनीचं चार महिन्यांत 11.4 झालं ते मुख्यतः गोळीने, पण ते नंतर टिकलं ते खाण्याने. अजून एक, आमच्या घरात वाढायची पद्धत अशी होती की आधी पुरुष, मग पोरं, आणि बायकांच्या वाट्याला रस्सा आणि हाडकं. रश्श्यात लोह जवळजवळ काही नसतं हो. ज्याला गरज त्याच्या ताटात फोडी पडायला पाहिजेत, हे मी घरात भांडून बदललं आणि त्याबद्दल मला आजही बरं वाटतं.

तसंच पायाचं सूप प्यायलं की हाड लवकर जुळतं, हेही मनातून काढा. त्यात जिलेटिन असतं, चव असते, गरम गरम बरं वाटतं, पण कॅल्शियम फारच थोडं. हाडासाठी दूध, नाचणी, तीळ, सुकट हेच.

विदर्भातल्या, गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूरकडच्या, आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यातल्या लोकांसाठी खास सांगते, तिकडे सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे, आणि थॅलेसेमिया मायनरही ठिकठिकाणी सापडतो, हे दोन्ही आईबापांकडून येणारे रक्ताचे दोष. एचबी कमी, एमसीव्ही म्हणजे लाल पेशींचा आकार खूपच कमी, पण फेरिटिन नॉर्मल असं दिसलं तर मटण कलेजी खाऊन किंवा मनाने लोहाच्या गोळ्या घेऊन ते वर येणार नाही, हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी एचपीएलसीची तपासणी करून घ्या. थॅलेसेमिया मेजरच्या पोरांना, ज्यांना सारखं रक्त चढवतात, त्यांच्या अंगात लोह आधीच जास्त साठतं, त्यांना रक्तवाढीसाठी म्हणून कलेजी अजिबात देऊ नका.

किती खायचं

कॅन्सर संशोधनवाल्या वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडाचा सल्ला आहे की रेड मीट आठवड्याला तीनच वेळा, आणि एकूण शिजवलेलं 350 ते 500 ग्रॅमच्या आत. शिजवलेलं हा शब्द लक्षात ठेवा. कच्चं 700 ग्रॅम शिजून साधारण 500 होतं. आता आपला रविवारचा हिशोब करू, एक किलो हाडासकट आणलं, अडीचशे तीनशे ग्रॅम हाड गेलं, सातशे राहिलं, शिजून पाचशे झालं, घरात पाच माणसं, म्हणजे माणशी 100 ग्रॅम. आठवड्यातून दोनदा असं झालं तरी तुम्ही मर्यादेच्या बरेच आत आहात. घाबरण्यासारखं काही नाही. पण ज्या घरात रोज दोन वेळा खिमा, कबाब, चिली फ्राय चाललंय, किंवा जो पोरगा जिम लावली म्हणून एकटा दिवसाला अर्धा किलो खातोय, त्याने हात आवरायला पाहिजे, प्रोटीन अंडी, मासे, डाळ, चिकन यातूनही येतं.

कॅन्सरचं भ्या लोकांच्या मनात दोन टोकांचं असतं, एकतर बीफ म्हणजे विष, नाहीतर हे सगळं आपलं खाणं बंद करायला पसरवलंय. खरं काय ते सांगते. ऑक्टोबर 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी ह्या कॅन्सर संशोधन संस्थेने 22 तज्ज्ञ बसवून 800 च्या वर अभ्यास तपासले आणि प्रोसेस्ड मीटला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे कॅन्सर होतो याचा पक्का पुरावा, आणि साध्या रेड मीटला 2ए गटात, म्हणजे बहुधा होतो. पहिल्या गटात तंबाखूही आहे म्हणून लोक म्हणतात मटण तंबाखूइतकंच वाईट. तसं नाहीये. गट हा पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. रोज 50 ग्रॅम प्रोसेस्ड मीट खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो, म्हणजे समजा शंभरात पाच जणांना होणार असेल तर सहा जणांना होईल. तंबाखूचा धोका ह्याच्या कितीतरी पट. पण म्हणून तो एक माणूस काही कमी महत्त्वाचा नाही ना, त्यामुळे जिथे टाळता येतं तिथे टाळावं.

प्रोसेस्ड म्हणजे फक्त सॉसेज आणि सलामी असं समजू नका. मीठ लावून, वाळवून, धुरी देऊन, खारवून टिकवलेलं सगळं मांस त्यात येतं, डब्यातलं कॉर्न्ड बीफ, जे गल्फमधून येताना भाऊबंद बॅगेत भरून आणतात, ते येतं. गोव्यात ख्रिसमसला सॉल्टेड टंग करतात, जीभ मीठ आणि सॉल्टपीटर म्हणजे सोरा लावून मुरवतात, ती येते. आणि आपल्या चान्यासुद्धा येतात. हे लिहिताना मला जड जातंय कारण चान्या म्हणजे माझं बालपण आहे. आजी मटणाच्या लांब लांब पट्ट्या कापायची, हळद मीठ लावून दोरीवर वाळत घालायची, खाली काठी घेऊन आम्ही कावळे हाकलायला. पावसाळ्यात काही नसलं की त्या विस्तवावर भाजून ठेचून कांद्यासोबत. मांस टिकवायला दुसरं साधनच नव्हतं तेव्हा, फ्रीज कुठला आलाय. आता फ्रीज आहे, तर चान्या रोजची गोष्ट नको, वर्षातून चारदा चवीपुरत्या खाव्यात. मी त्या आता कोमट पाण्यात अर्धा तास भिजवते, मीठ उतरतं, मग रश्श्यात शिजवते, विस्तवावर काळ्या करत नाही.

काळं करण्यावरून आठवलं. कुठलंही मटण थेट आगीवर करपवलं की त्यात कॅन्सरला मदत करणारी रसायनं तयार होतात. सीख कबाब, तंदूर, बार्बेक्यू, सगळीकडे तेच. उपाय सोपे आहेत, आधी कुकरला अर्धवट शिजवून मग निखाऱ्यावर थोडाच वेळ धरायचं, आलं लसूण हळद लिंबात मुरवून घ्यायचं, त्याने ही रसायनं कमी होतात, चरबी निखाऱ्यावर टपकू द्यायची नाही, आणि काळा झालेला भाग कापून टाकून द्यायचा. कुकरमधलं, पाण्यातलं शिजवणं ह्या बाबतीत सगळ्यात सुरक्षित, म्हणजे आपला साधा रस्सा.

कोणता भाग मागायचा

खाटकाकडे गेल्यावर नुसतं एक किलो द्या म्हणू नका. चाचा देतात ते मिक्स, त्यात सीना म्हणजे छातीचा भाग आणि चरबीही येते. रान म्हणजे मांडी, बिनचरबीची, खिम्याला आणि सुक्याला चांगली. अंडरकट सगळ्यात मऊ आणि चरबी जवळजवळ नाही, पण महाग आणि कमी मिळतं. बोंग किंवा मछली म्हणजे पोटरीचा भाग, चिवट असतो म्हणून लोक नको म्हणतात, पण मंद आचेवर शिजला की त्याच्या नसांचं जिलेटिन होऊन रस्सा असा ओठाला चिकटतो, आणि चरबी कमीच. सीना चवीला भारी पण चरबी भरपूर, ज्याला हार्टचा त्रास आहे त्याच्यासाठी नको. खिमा तयार ठेवलेला कधीच घेऊ नका, रानाचा तुकडा निवडून, वरची चरबी काढायला लावून, समोर काढून घ्या.

ताज्याची खूण म्हणजे बोटाने दाबलं की परत वर येतं, हाताला चिकट लागत नाही, आंबट वास नाही. म्हशीचं मटण गडद असतं म्हणून शिळं समजू नका. आणि पिशवीत जे लाल पाणी साठतं ते रक्त नसतं, स्नायूतलं मायोग्लोबिन असतं. जिथे महापालिकेच्या कत्तलखान्यातून, जनावर डॉक्टरने तपासून शिक्का मारून येतं, तिथूनच घ्या. आपलं आपलं जनावर पाडून वाटे घालणं गावाकडे चालतं, पण आजारी पडलेलं, मेलेलं जनावर असेल तर त्याच्या वाट्याला जाऊ नका, ॲन्थ्रॅक्ससारखा रोग नुसता खाल्ल्याने नाही, कापताना आणि हाताळतानाही होतो.

कलेजीचं वेगळं आहे. लोह जास्त, बी बारा तर प्रचंड, पण व्हिटॅमिन ए एवढं असतं की 100 ग्रॅममध्येच दिवसाची वरची मर्यादा ओलांडून जाते. मोठ्या माणसाने आठवड्याला एकदा, चारपाच फोडी, बस. गरोदर बाईने कलेजी खाऊ नये, जास्त व्हिटॅमिन ए ने पोटातल्या बाळाला धोका असतो. आपल्याकडे उलटंच करतात, पोटुशी आहे म्हणून आवर्जून कलेजी खाऊ घालतात, प्रेमापोटीच, पण चूक आहे ते. तिला साधं मटण द्या, नीट शिजवलेलं. बाळंतिणीला मोठ्याचं गरम पडतं म्हणून सव्वा महिना बंद ठेवतात, त्यालाही काही आधार नाही, तिला तर रक्त भरून काढायचं असतं. मसाला कमी टाका आणि द्या.

सहा महिन्यांनंतर बाळालाही चालतं. मऊ शिजवून, वाटून, चमचा दोन चमचे, मीठ तिखट न घालता, वरणभातात कालवून. नुसतं रश्श्याचं पाणी पाजून काही होत नाही, गर पोटात गेला पाहिजे.

शिजवायचं कसं

घरी आणल्यावर नळाच्या धारेखाली धुऊ नका, शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर सगळीकडे उडतात, पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवा आणि नंतर सिंक साबणाने घासा. ज्या विळीवर, पाटावर मटण कापलं त्यावरच कोथिंबीर कांदा चिरायचा नाही. मी दोन पाट वेगळेच ठेवलेत.

इंचभर फोडींना कुकरमध्ये मोठ्या आचेवर दोन शिट्ट्या आणि मग बारीक आचेवर 30 ते 40 मिनिटं. फार जून असेल तर चमचाभर कच्च्या पपईचा कीस अर्धा तास लावून ठेवा. खिमा आणि कबाबाबाबत कडक राहा, तुकड्याचे जंतू बहुतेक वरच्या अंगावर असतात, पण खिमा काढला की ते आतपर्यंत मिसळले जातात, म्हणून आतून गुलाबी राहिलेला खिमा नको, मधोमध 71 डिग्री तापमान झालंच पाहिजे. अर्धकच्च्या बीफमधून टेपवर्मही पोटात जातो. मेंदूत गाठी होतात त्या मात्र डुकराच्या टेपवर्मच्या अंड्यांमुळे, बीफच्या नव्हे, ही भीती उगाच बीफला चिकटलीय. आपल्या कुकरात तासभर शिजलेल्यात ह्यातलं काहीच जगत नाही, हा धोका आहे तो परदेशात मीडियम रेअर खाणाऱ्यांना आणि रस्त्यावरच्या घाईच्या कबाबांना.

आता माझी आवडती युक्ती. अण्णांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा त्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 168 होतं. अण्णा म्हणजे माझे वडील, ते चरबी मुद्दाम मागून घ्यायचे, तव्यावर कुरकुरीत करून भाकरीसोबत खायचे. मटण सोड म्हटलं असतं तर त्यांनी गोळ्यापण सोडल्या असत्या. मग आईने असं केलं, शनिवारी संध्याकाळी मटण नुसतं हळद मीठ आलं लसूण घालून शिजवायचं, निवलं की पातेलं झाकून फ्रीजमध्ये. रविवारी सकाळी झाकण काढलं की वर पांढरा जाड पापुद्रा आलेला असतो, मेणासारखा, चमच्याने सबंध उचलता येतो. पहिल्यांदा काढला तेव्हा पाऊण वाटी भरली. आईने ती वाटी अण्णांच्या समोर नेऊन ठेवली, काही बोलली नाही. त्यांनी बोट लावून बघितलं, आणि तेव्हापासून स्वतः विचारतात, काढली का गं वरची. मग त्या रश्श्याला दोन चमचे तेलात कांदा खोबऱ्याचं वाटण, काळा मसाला. चव जात नाही, आमच्या घरात कुणाला कळतही नाही. एलडीएल आता 74 आहे, त्यात मोठा वाटा गोळीचा आहे, पण हा पापुद्रा दर आठवड्याला पोटात जात असता तर गोळीला एकटीला किती झेपलं असतं.

मटणात फायबर शून्य. म्हणून ताटात ज्वारीची भाकरी, काकडी, गाजर, मेथीचा घोळाणा, काहीतरी पाहिजेच, आतड्यासाठी हे मटण कमी करण्याइतकंच महत्त्वाचं आहे. बिर्याणी आणि कोल्ड्रिंक, किंवा पाव आणि चिली फ्राय, यात ते काहीच नसतं. मीठही बघा, दिवसाला 5 ग्रॅम म्हणजे एक छोटा चमचा, मटणाच्या दिवशी ते दुपारीच संपतं, त्यात लोणचं पापड नको.

उरलेलं रात्रभर गॅसवर झाकून ठेवायची सवय फार वाईट. मोठ्या पातेल्यात मधोमध तासन्‌तास कोमट राहतं आणि त्यात असे जंतू वाढतात ज्यांचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. जयंती, लग्न, दावत, सगळीकडे दुसऱ्या दिवशी पोटं बिघडतात ती ह्याने. दोन तासांच्या आत पसरट भांड्यात काढून फ्रीजमध्ये, आणि परत खाताना वाफा येईपर्यंत खळखळून उकळायचं.

कोणी जपून, आणि टेस्टच्या आधी काय

युरिक ॲसिड 7 च्या वर आणि अंगठा सुजतो अशांनी कलेजी, गुर्दा, भेजा बंदच, मटणही थोडंच, आणि त्याच्यासोबत बिअर तर मुळीच नको, ती दोन्हीची जोडी मी रिपोर्टमध्ये रोज बघते. किडनीचा आजार ठरलेला असेल तर किती प्रोटीन ते डॉक्टरच ठरवणार, आणि तिथे खरं सांगा, मोठ्याचं खातो, एवढं एवढं खातो. डॉक्टरला गरज ग्रॅमची असते, जनावर कोणतं ह्याच्याशी त्यांना काही करायचं नाही. एखाद्याने तोंड वाकडं केलंच तर दुसरा डॉक्टर बघा, पण लपवू नका.

लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची टेस्ट, उपाशीपोटी सांगितलं असेल तर 10 ते 12 तास काही खायचं नाही, फक्त पाणी. विष्ठेतलं लपलेलं रक्त बघायची जुन्या पद्धतीची टेस्ट असेल तर आधी तीन दिवस रेड मीट बंद, नाहीतर मटणातल्याच हीममुळे ती खोटी पॉझिटिव्ह येते आणि माणूस आतड्याच्या कॅन्सरच्या भीतीने अर्धा होतो. आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा. आमच्या गल्लीतले एक काका, रविवारी रात्री पोटभर जेवले, सोमवारी सकाळी साताला रक्त दिलं, क्रिएटिनिन 1.5. घरात रडारड, किडनी गेली म्हणून. मी विचारलं काल काय खाल्लं, आधी म्हणाले साधंच, मग बायकोकडे बघून म्हणाले मोठ्याचं, तीन वाट्या. शिजलेल्या मटणातूनच क्रिएटिनिन रक्तात येतं, काही तास आकडा वर राहतो. चार दिवस मटण बंद ठेवून परत रक्त घेतलं, 1.1 आलं.